गाडी कितीची?

मुरुमच्या पेठेत डोळ्यांचा एक जुना दवाखाना आहे आणि तिथं महांतप्पा एकतीस वर्षं कंपाउंडर आहे. मोठे डॉक्टर थकले, घरी बसले. आता त्यांची सून, डॉक्टर शिवप्रिया, पेशंट बघते. महांतप्पा मात्र होता तिथंच आहे, आणि खरं सांगायचं तर त्याला दुसरीकडं कुठं जायचंही नाही.

मॅडमनी आल्या आल्या ऑनलाइन नंबर सुरू केले. मोबाइलवर वेळ घ्यायची, त्या वेळेला यायचं. चांगलंच झालं की! सकाळी पायरीवर चपला मांडून नंबर धरायची कटकट गेली, चपलांवरनं होणारी भांडणं गेली. पण ते ॲप मेलं लई लहरी. ऐन गर्दीच्या दिवशी, म्हणजे गुरुवारच्या बाजाराला, रुसायचं आणि पडद्यावर नुसतं एक गोल गरगर फिरत राहायचं. अशा वेळी मॅडमचा नियम एकच: ज्याचा नंबर दिसत नाही त्यानं पुढच्या गुरुवारी यावं. नियम मॅडमचा, पण तो हॉलमध्ये उभं राहून सांगायचा महांतप्पानं. शिव्याही त्यालाच.

एका गुरुवारी असंच झालं. परत गेलेल्यांत लक्ष्मम्मा होत्या. कर्नाटकच्या हद्दीकडच्या खेड्यातल्या, सत्तरी ओलांडलेल्या, एक डोळा आधीच गेलेला. भांडल्या नाहीत, काही नाही. "बरं बाबा," म्हणाल्या आणि भिंत चाचपत पायऱ्या उतरल्या. आठवडाभर महांतप्पाला घास गोड लागला नाही.

पुढच्या गुरुवारी साडेदहाला पुन्हा तेच गोल! हॉलमध्ये बेचाळीस माणसं, कोपऱ्यात लक्ष्मम्मा, आणि मॅडमना चार वाजता ऑपरेशनसाठी उमरग्याला निघायचं. महांतप्पा सरळ आत गेला.

"मॅडम, आज कुणालाच परत लावायचं न्हाय. रांग म्या लावतो."

"कशावरनं लावणार, मामा? यादी सगळी आत अडकलीय."

"गाडीवरनं."

मॅडमना हसू आलं. "लावा बघू," म्हणाल्या.

हिशोब सोपा होता. ज्याची परतीची एष्टी लवकर, त्याचा नंबर आधी. एकतीस वर्षं पेशंटांना गाडी गाठून द्यायची म्हणजे भोवतालच्या साऱ्या गावांच्या गाड्या त्याला तोंडपाठ. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, पेन काढलं आणि एकेकाला विचारत सुटला, "गाडी कितीची?"

लोक तरी काय कमी! जो तो घाईचाच. कडक इस्त्रीतले अमरसिंह छातीवर हात ठेवून म्हणाले, "माझी बाराची एष्टी हाय."

"मालक, तुमची बुलेट दारात उभी हाय. ती कितीला सुटती म्हणायची?"

सगळा हॉल खो खो हसला. अमरसिंहही हसले आणि मुकाट्यानं मागं जाऊन बसले.

लक्ष्मम्मांपाशी आला तेव्हा त्याची घाई शिगेला पोचली होती.

"अव्वा, गाडी कितीची?"

"मला घाई न्हाय रे. ह्या लेकरंवाल्या बायांना सोड आधी."

महांतप्पानं त्यांना शेवटी लिहिलं आणि पुढं सरकला.

साडेतीनला एक्केचाळीस माणसं बघून झाली. हॉल रिकामा. पुठ्ठ्यावरचं शेवटचं नाव वाचताना महांतप्पाच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला.

"अव्वा! तुमच्या गावाला दिवसातनं एकच गाडी. ती तर दीडलाच गेली की!"

"ठावं हाय मला." लक्ष्मम्मांनी मांडीवरचं गाठोडं सोडून दाखवलं. आत दोन ज्वारीच्या भाकरी, चटणी आणि एक वाकळ. "मागल्या खेपी तू परत लावलंस. आज ठरवूनच निघाले, डोळा दाखवल्याबिगर जायचं न्हाय. इथंच पायरीवर निजंन म्हनलं. मग घाई कसली?"

महांतप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं त्यांचा हात धरला आणि आत नेलं.

मॅडमनी बराच वेळ डोळा तपासला. "डोळ्याचं प्रेशर फार वाढलंय. अजून थोडे दिवस गेले असते, तर हाही डोळा हातचा गेला असता. आधी का नाही आलात?"

"आल्या होत्या," महांतप्पा खाली बघत म्हणाला. "म्याच परत लावलं."

"त्याला बोलू नगा," लक्ष्मम्मा मध्येच म्हणाल्या. "मशीन बंद पडलं, त्याला तो काय करंल?"

मॅडम म्हणाल्या, "मशीनचं नाही, अव्वा. माझं चुकलं." त्यांनी उमरग्याला फोन लावून ऑपरेशन उशिरा घ्यायला सांगितलं, गोळी दिली, औषध घातलं आणि प्रेशर उतरायला लागेपर्यंत खुर्चीवरनं हलल्या नाहीत.

संध्याकाळी महांतप्पानं लक्ष्मम्मांना स्कूटरवर बसवून घरी नेलं. त्याच्या बायकोला, इरम्माला, मनसोक्त कानडी बोलायला माणूस मिळालं. दोघींच्या गप्पांत आमटी करपली, पण कुणाची तक्रार नव्हती. सकाळी मॅडमनी पुन्हा तपासलं. डोळा वाचला होता. महांतप्पानं जाऊन पेढेच आणले.

ॲप अजून अधनंमधनं बंद पडतंच. मॅडमचा जुना नियम मात्र गेला. आता पडद्यावर गोल फिरायला लागलं की महांतप्पा पुठ्ठा घेऊन हॉलच्या मधोमध उभा राहतो आणि पहिल्यांदा मोठ्यानं विचारतो, "मागल्या खेपी डोळा दाखवल्याबिगर कोण परत गेलंय? हात वर करा, तुमचा नंबर पहिला."

सहा महिने झाले, एकही हात वर झालेला नाही.