एकस्ट्रॉमच्या तळघरातला कौल

व्हर्न एकस्ट्रॉमबद्दल बरं बोलणारा माणूस आमच्या रस्त्यावर शोधूनही सापडणार नाही, आणि त्याचं त्याला काहीच वाटत नाही. कोणाच्या कुत्र्याने त्याच्या हिरवळीवर पाय वर केला की तो थेट पोलिसांना फोन लावतो. नाताळात आलेली भेटकार्डं पाकिटासकट परत पाठवतो. मी रॉकफर्डला आल्यापासून त्याच्या शेजारी राहतो. आम्ही दोघं एकाच स्क्रूच्या कारखान्यात होतो; तो खाली यंत्रांवर, मी वर हिशेब खात्यात. तारेचे तुकडे ठोकून स्क्रूची डोकी घडवणारी ती यंत्रं वरच्या मजल्यावरची टेबलंसुद्धा हलवायची. त्या गदारोळातही व्हर्नचं फोरमनशी चाललेलं भांडण आम्हाला जिन्यावर ऐकू यायचं. तो निवृत्त झाला तेव्हा फोरमनने स्वतःच्या खर्चाने केक आणला होता.

असा हा माणूस मलाही आवडत नाही. तरी दर शनिवारी दुपारी मी त्याच्या तळघरात जातो, आणि माझ्यासारखे आणखी सहा जण येतात, ते त्याच्या जुन्या स्टिरिओ यंत्रणेसाठी. कपाटाएवढे दोन लाकडी स्पीकर, आत लाल निखाऱ्यासारखे दिवे पेटणारा अँप्लिफायर, आणि त्याच्या डोक्यावर फळीवर बसलेला प्रीअँप. रेकॉर्डचा बारीक आवाज आधी या डब्यात येतो, तिथली बटणं फिरवून हवा तसा घडवला जातो आणि मग पुढे मोठा व्हायला जातो. पितळी चेहऱ्याचा तो डबा व्हर्नने तरुणपणी, घरात पलंग यायच्या आधी, विकत घेतला होता. तो पुसायची परवानगी फक्त त्याच्या बायकोला, रोझॅनला होती. बटणाला हात लावायची तिलाही नव्हती.

शनिवारचे नियम व्हर्नचे. रेकॉर्ड चालू असताना कोणी बोलायचं नाही. संपली की तो बोलणार, आणि तो म्हणेल ते खरं. "ट्रंपेट मागे बसलाय. कोणालाच कळलं नाही? कानात मेण घालून आलात का सगळे?" टेड गुस्ताफ्सन नावाचा एक पोस्टमन एकदा म्हणाला होता, "व्हर्न, आवाज जरा कर्कश नाही वाटत?" व्हर्नने खुंटीवरचा त्याचा कोट काढून त्याच्या मांडीवर टाकला. टेड परत आला नाही. व्हर्नला दुसरा कसला मान नव्हता. पण रॉकफर्डमध्ये आवाजातलं ज्याला कळतं तो माणूस व्हर्न, हे त्याचे शत्रूही मान्य करायचे. तेवढ्यावर तो जगत होता.

गेल्या हिवाळ्यात तो प्रीअँप कुरकुरायला लागला. मधेच डावीकडचा आवाज जायचा आणि डब्याला थाप मारली की परत यायचा.

"पुरून टाक आता त्याला," रोको म्हणाला. रोको बातालिया हा रोझॅनचा भाऊ, म्हणजे व्हर्नचा मेहुणा. लग्नाच्या दिवसापासून दोघांचं पटत नाही. "नवा प्रीअँप घे. मी आणून देतो."

"तू आणलेली एक गोष्ट या घरात टिकलेली नाही. ते बर्फ उडवायचं यंत्र आठवतं? त्याने पहिल्याच दिवशी माझं कुंपण उडवलं."

"कुंपण तू चुकीच्या जागी घातलंयस."

"माझ्या जमिनीवर घातलंय!"

"व्हर्न, तो डबा बहिरा झालाय. तुला कळत नाही कारण तुला दुसरं काही ऐकायचंच नसतं. बटाट्यासारखं डोकं आहे तुझं, उकडलेल्या."

"आणि तुला तो डबा फुकट हवाय. इतकी वर्षं भंगार म्हणतोस आणि दर शनिवारी त्याच्याकडे असा बघतोस, जसा काही तो सॉसेज आहे."

हे खरं होतं. जुने प्रीअँप जमवणारे लोक असतात आणि रोको त्यांतला. तो चिडला आणि त्या भरात पैज ठरली. रोको नवा प्रीअँप आणणार. दोन्ही डबे चादरीआड ठेवायचे, एकच रेकॉर्ड दोन्हींवर वाजवायची आणि ऐकणाऱ्यांनी हात वर करून कौल द्यायचा. जुना जिंकला तर रोको या तळघरात पुन्हा तोंड उघडणार नाही. नवा जिंकला तर तो इथे राहणार आणि जुना रोकोचा.

"आणि तू हरलास तर कबूल करायचं," रोको म्हणाला, "की तुझ्या कानांवर कोणी विसंबू नये."

"कबूल," व्हर्न म्हणाला. त्याला जराही शंका नव्हती.

मधल्या दिवसांत त्याने जुना डबा उघडून आतले सांधे स्वतः नव्याने जोडले. कुरकुर थांबली. शनिवारी त्याने मोजायचं यंत्र लावून दोन्ही डब्यांचा आवाज सारखा करून घेतला, म्हणजे मोठ्या आवाजाला कोणी चांगला म्हणू नये. चादर टाकली. चादरीमागे बसून डबे आलटूनपालटून जोडायचं काम मला दिलं, कारण माझ्या कानांवर दोन्ही पक्षांचा सारखाच अविश्वास होता. मी मनाशी ठरवलं आणि नवा आधी लावला, जुना नंतर.

पियानो, बास आणि ड्रम्सची रेकॉर्ड होती, तिच्यात झांजांवर सतत तारांचा ब्रश फिरत होता. दोनदा वाजवून झाली तेव्हा मी विचारलं, "पहिला कोणाला आवडला?"

सहा हात वर गेले. रोकोचा त्यांत असणारच. पण हॅरिएट निस्ट्रॉमचाही होता. हॅरिएटबाई लुथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, वयाने सगळ्यांत मोठ्या, आणि व्हर्न ज्यांना अहोजाहो करतो अशा गावातल्या त्या एकट्याच.

व्हर्नचा हात खाली होता. "दुसरा," तो म्हणाला. "दुसरा माझा आहे. आंधळ्यालाही ओळखू येईल." आणि तो बरोबर होता. मी तसं सांगितलं.

"मग हे काय आहे?" तो उठून उभा राहिला. "काय रे रोको, काय वाटलंस यांना? पैसे?"

"एक दमडी नाही."

"हॅरिएट, तुम्ही? तुम्हीसुद्धा या भुरट्याच्या बाजूने?"

हॅरिएटबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. "मी कोणाच्या बाजूने नाही, व्हर्न. दुसरा डबा लागला की माझे दात शिवशिवतात. गेली कित्येक वर्षं शिवशिवतायत."

"मग बोलला का नाहीत?"

"टेडने बोलून बघितलं होतं."

"खोटारडे आहात सगळे! इतकी वर्षं माझी कॉफी प्यायलात, माझ्या खुर्च्या झिजवल्यात..."

"कॉफी मी करते," जिन्यावरून रोझॅन म्हणाली. हातातला ट्रे तिने पायरीवर आदळला, खाली आली आणि चादर ओढून काढली. "आता गप्प बस आणि हे बघ. हे ट्रेबलचं बटण. कुठे आहे?"

बारीक, तीक्ष्ण सूर कमीजास्त करायचं ते बटण उजवीकडे शेवटच्या टोकाला टेकलं होतं. त्याच्या पुढे जायला जागाच नव्हती.

"हे मधोमध असायचं," ती म्हणाली. "मी पुसते हा डबा, मला दिसतं. वर्षाला सूतभर सरकवत नेलंस. तुला ऐकू येईनासं झालं तसं तू सरकवत गेलास, आणि आम्ही दातओठ खात बसलो. कारखान्याने तुझे कान खाल्ले, व्हर्न. तुझ्याबरोबरच्या सगळ्यांचे खाल्ले. पण ते जेवताना 'काय? काय?' तरी करतात. तू मात्र बाकीच्यांना बहिरं ठरवतोस."

व्हर्न रोकोच्या डब्याकडे बघत होता. त्याच्यावर दोनच बटणं होती, एक आवाज लहानमोठा करायचं आणि एक काय ऐकायचं ते निवडायचं. हल्लीच्या डब्यांवर ट्रेबलचं बटण देतच नाहीत. रेकॉर्डवर जसं आहे तसंच ऐकावं, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं.

"तुला माहीत होतं," तो रोकोला म्हणाला. "म्हणून असला आणलास."

"सगळ्यांना माहीत होतं. पैजेला हो तू म्हणालास."

"हो. म्हणालो."

त्याने जुन्या प्रीअँपच्या तारा एकेक करून काढल्या, त्याच चादरीत तो गुंडाळला आणि उचलून जिना चढायला लागला. आम्ही मागोमाग गेलो. बाहेर बर्फ पडत होतं. कोट न घालताच तो रोकोच्या गाडीपर्यंत गेला.

"राहू दे रे," रोको म्हणाला. "पुढच्या आठवड्यात बघू."

"दया येतेय? तुझ्यासारख्याला माझी दया येतेय?"

"दया कसली? भिजेल ना तो!"

"मग दार उघड, मूर्खा!"

रोकोने दार उघडलं. व्हर्नने डबा पुढच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला आणि दार इतक्या जोरात आपटलं की आरशावरचं बर्फ खाली पडलं. "माझे कान विसंबण्यासारखे नाहीत," तो मोठ्याने म्हणाला, रस्त्यावर ऐकू जाईल असं. "झालं? आता चालता हो."

त्या आठवड्यात रोझॅनने कानाच्या यंत्राचा विषय काढला. "म्हणजे कानात अँप्लिफायर घालायचा," तो म्हणाला, "तोही स्वस्तातला." आणि विषय संपला.

पुढच्या शनिवारी जावं की नाही, कोणालाच कळेना. बाकीचे गाड्यांत आणि मी माझ्या दारात, असे आम्ही एकमेकांकडे बघत होतो. शेवटी हॅरिएटबाई उतरल्या, म्हणून आम्हीही निघालो. रोको सगळ्यांच्या मागे होता.

फळीवर आता नवा डबा होता. व्हर्न त्याच्या खुर्चीत होता. "बसा," तो म्हणाला. "कोणी मेलेलं नाही."

त्याने पियानोची तीच रेकॉर्ड लावली आणि नेहमीसारखे डोळे मिटले. आम्हाला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, ब्रशचा एकेक फटकारासुद्धा. त्याच्यापर्यंत काय पोचत होतं ते मी सांगू शकत नाही. बास पोचत असेल, पियानोची डावी, खर्जाची बाजू पोचत असेल. बाकीचं त्याला पाठ होतं. रेकॉर्ड संपली. एरवी त्याने लगेच तोंड सोडलं असतं. आज त्याने आधी एकेकाच्या तोंडाकडे बघून घेतलं.

"शेवटी झांजा मागे पडल्या," अखेर तो म्हणाला.

सगळ्यांनी रोकोकडे पाहिलं. 'तुला झांजा ऐकूच येत नाहीत', एवढं एकच वाक्य तो म्हणाला असता तर पुरे होतं, आणि ते खरंही असतं. त्याचे कान लाल झाले.

"मागे कुठे?" तो ओरडला. "पुढे होत्या! पार माझ्या मांडीवर होत्या! हॅरिएट, सांगा याला!"

"पुढे होत्या, व्हर्न," हॅरिएटबाई म्हणाल्या.

"तुम्ही त्या चर्चच्या भोंग्यापुढे बसून बसून कान घालवलेत. आणि हा तर जन्मापासूनच बहिरा. मागे पडल्या म्हणजे मागे पडल्या."

"तुझं डोकं मागे पडलंय!"

"माझ्या घरात ओरडू नकोस!"

वरून रोझॅनने जमिनीवर टाच आपटली. कोणी थांबलं नाही. शेवटी व्हर्न उठला, सुई उचलून पुन्हा रेकॉर्डच्या सुरुवातीला ठेवली आणि आम्हा सगळ्यांना तोंडं मिटून नीट ऐकायला सांगितलं.