डांबरावर दिलेले वॉर्निश

तुमचे आजोबा मागच्या अंगणाच्या पायऱ्यांवरून पडले, हे तुम्हा दोघांना माहीत आहे. पायरी का मोडली, ते मात्र तुम्हाला चुकीचे सांगितले गेले. ते मी इथे नीट लिहून ठेवते. इंग्रजीत लिहिले असते तर हात भरभर चालला असता. पण इंग्रजीत मी स्वतःला फार सफाईने बाजूला काढते, हे मला या वयात कळले आहे. म्हणून मराठीत. अडेल तिथे बाबाला विचारा.

कासार आंबोलीचे आपले घर उतारावर आहे. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून अंगणात उतरायला सात लाकडी पायऱ्या होत्या. गावातल्या मिस्त्रींनी त्या ऐनाच्या लाकडाच्या केल्या होत्या. मिस्त्री म्हणजे सुतार. पन्नाशीचे, कमी बोलणारे, लाकडावर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावणारे. आपल्या आसपासच्या बंगल्यांतली निम्मी दारे त्यांच्या हातची आहेत. पहिला पावसाळा पायऱ्या उघड्याच भिजल्या. त्या चार महिन्यांत इथे काही वाळत नाही, टॉवेलसुद्धा नाही.

त्या दिवाळीला तुम्ही परदेशातून आलात आणि बाबाने तिकडून पाइन टारचा डबा आणला. आपल्या रस्त्यावरचे डांबर नव्हे. हे पाइनचे लाकूड भट्टीत कोंडून काढलेले, होड्यांचे लाकूड पाण्याने कुजू नये म्हणून लावतात ते. काकवीसारखे दाट, आणि वास चुलीच्या धुराचा. डब्याबरोबर इंग्रजी कागद होता. मी तो दोनदा वाचला, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या. लाकूड कोरडे हवे, त्यासाठी दोन आठवडे कोरडी हवा. मी कॅलेंडरवर मोजले. पाऊस थांबून पंधरा दिवस झाले होते. ज्या देशात तो कागद छापला तिथले पंधरा दिवस आणि मुळशीतले पंधरा दिवस एक नव्हेत, हे माझ्या डोक्यात आले नाही. मिस्त्रींना विचारायचेही सुचले नाही. कागद हातात असताना मी कधीच कोणाला विचारत नसे.

निम्मे टार, निम्मे जवसाचे तेल. गरम पाण्याच्या पातेल्यात ते कोमट केले आणि तुम्ही दोघांनी ब्रशने लावले. हात पातळ द्या, उरलेले फडक्याने पुसा, असे कागदावर होते. आपण जाड दिले, कारण तुम्हाला मजा येत होती. पायऱ्या जळक्या मधाच्या रंगाच्या झाल्या. आजोबा वरच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "आता घराला नांगर टाका, नाहीतर जाईल वाहत मुळशीच्या धरणात."

कोरडे लाकूड टार पिऊन घेते. ओले लाकूड ते आत घेतच नाही, वर ठेवते. पाचव्या दिवशीही पायऱ्या चिकटच होत्या. पांढऱ्या फरशीवर, ओट्यापासून देवघरापर्यंत, काळी पावले. लक्ष्मीपूजन दोन दिवसांवर आलेले. दारात रांगोळीची पावले काढायची आणि आत ही डांबराची, हे मला सहन होईना. दारांना लावून उरलेले वॉर्निश माळ्यावर होते. ते काढले आणि त्या चिकट पायऱ्यांवर मी स्वतःच्या हाताने दोन हात दिले. कागदावर वॉर्निशचा शब्दही नव्हता.

भाऊबीजेनंतर मिस्त्री जाळीचे दार बसवायला आले. पायऱ्यांशी थांबले, वाकले, पेराने वाजवले.

"बाई, ह्ये काय केलंत?"

"चिकटत होतं हो, मिस्त्री. घरभर काळे पाय."

"चिकटू द्यायचं की. आत पानी हाय अजून. त्याला भाईर यायला वाट कुटं ठेवलीत? वल्या अंगावर रेनकोट घालून बसल्यागत झालं ह्ये."

आजोबा हसून म्हणाले, "आमच्याकडे सगळं इस्त्री करून ठेवतात मिस्त्री. पायऱ्यासुद्धा."

मिस्त्री हसले नाहीत. "मी खरवडून काढतो. उन्हाळाभर उगडं ऱ्हाऊ द्या. मग लावा काय लावायचं ते."

"आत्ता मुलं घरी असताना कुठे," मी म्हटले. "उन्हाळ्यात बघू."

माझ्या कामांच्या वहीत 'पायऱ्या खरवडणे' अशी नोंद मी केली. मार्चमधून ती एप्रिलमध्ये गेली, एप्रिलमधून मेमध्ये. पायऱ्या चकचकीत दिसत होत्या. शेवटी मी ती नोंद खोडली. पुढचा पावसाळा पायऱ्यांनी काढला. त्या पुढच्या उन्हाळ्यात मला त्यांची आठवणही झाली नाही.

त्याच वर्षीच्या श्रावणातली सकाळ होती. आजोबा प्राजक्ताची फुले वेचायला उतरत होते. लाकूड कडाडून मोडते तसा आवाज आला नाही. भिजलेला पुठ्ठा फाटावा तसा आला. मी दारात गेले तेव्हा ते खाली चिखलात आडवे होते आणि तिसऱ्या पायरीची फळी वरच्या चकाकत्या सालीसकट दुमडली होती. साल शाबूत होती. आतले लाकूड चहाच्या चोथ्यासारखे झाले होते. "पायरी माझ्या आधी गेली गं," ते म्हणाले.

खुब्याचे हाड मोडले होते. पुण्यात ऑपरेशन झाले, ते चांगले झाले. नंतर छातीत कफ साठला. एकोणिसाव्या दिवशी ते गेले.

आता जे लिहायचे ते. हॉस्पिटलच्या बाकावर शेजारच्या बंगल्यातले गृहस्थ माझ्याजवळ बसले होते. "कच्चं लाकूड खपवलं असणार त्या सुतारानं," ते म्हणाले. "ही माणसं अशीच."

मी म्हटले, "असेल."

एवढेच. त्यानंतर सुताराने कच्चे लाकूड दिले होते का, असे बाबाने फोनवर विचारले, तेव्हाही मी हो म्हटले. बाबाने रागाच्या भरात बंगल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते लिहिले. 'या सुताराला काम देऊ नका, त्याच्यामुळे माझे वडील गेले.' मी ते वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

चार महिन्यांनी मी मिस्त्रींच्या दुकानी गेले. शटर अर्धे खाली होते. हत्यारांची पेटी बंद, आणि रंधा मारायच्या पाटावर कोणीतरी कांदे पसरले होते. मिस्त्री घरामागून आले. ते आता रोज महाळुंग्याला जातात, इमारतींच्या स्लॅबखाली फळ्या ठोकायला. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून भेटले.

"मिस्त्री, चूक माझी होती."

"मला ठाव हाय की."

"मग बोलला का नाहीत?"

"कुनापाशी? तुमच्या घरात माणूस गेलेलं. मी दारात यिऊन तुमच्याशी भांडू व्हय?" त्यांनी कांदे एका बाजूला सारले, मला बसायला जागा केली. "सायबांच्या दहाव्याला आलो हुतो. गेटवरल्यानं आत सोडलं न्हाई. वरनं सांगितलंय म्हनला."

त्यांची बायको पाणी घेऊन आली आणि तांब्या माझ्यासमोर ठेवून आत गेली.

"मी सगळ्यांना सांगते," मी म्हटले.

"सांगा. मला सांगून काय उपेग, बाई? मी तर तवाच बोललो हुतो."

मी सांगितले. बंगलेवाल्यांच्या मासिक बैठकीत उभी राहिले आणि टार, वॉर्निश, मिस्त्रींचा इशारा, सगळे क्रमाने सांगितले. कोणीही रागावले नाही. एक बाई जवळ येऊन माझा हात चोळू लागल्या. "काकू, तुम्ही इतक्या टापटिपीच्या. तुमच्या हातून असं कसं होईल? दुःखात माणूस स्वतःलाच दोष देतं." शेजारचे गृहस्थ म्हणाले, "तुमचं मन मोठं आहे, पण त्याला पाठीशी घालू नका." मी ग्रुपवरही लिहिले. खाली हात जोडल्याची चित्रे आली. पुढच्या आठवड्यात समोरच्या बंगल्यातल्या लाकडी मांडवाचे काम शहरातल्या कोणाला तरी दिले गेले.

मिस्त्री अजून महाळुंग्यालाच जातात. सकाळी सहाला फाट्यावर डबा घेऊन उभे असतात. मी चालायला जाते तेव्हा दिसतात. नमस्कार करतात, मीही करते.

मागच्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या धाकट्याने विचारले, "त्या वाईट सुताराला पोलिसांनी पकडलं का?" म्हणून मी हे लिहायला बसले. तो वाईट सुतार नाही. त्याने केलेल्या पायऱ्या चांगल्या होत्या, आणि त्या कशा वाचतील हेही त्याने वेळेवर सांगितले होते. आजोबांना ज्या पायरीने पाडले ती मी कुजवली, आणि नंतर त्या माणसाचे नाव मी खराब होऊ दिले.

हे बाबाला मोठ्याने वाचून दाखवा. फोनवर मी सांगू लागले की तो 'आई, आता नको' म्हणतो. ग्रुपवर त्याने लिहिलेले अजून तिथे आहे. माझ्यावर इथे कोणी विश्वास ठेवत नाही. त्याच्या शब्दावर ठेवतात. ते त्यानेच मागे घ्यायला हवे, आणि मिस्त्रींचे पूर्ण नाव घेऊन, सगळ्यांना दिसेल असे.