दवाखान्यातले गुरुजी

"पाप माह्या डोक्यावर टाक, तू जेव." असं म्हणताना गुरुजी स्वतःच्या टकलावर दोन टपल्या मारत. जणू तिथं अजून बरीच जागा शिल्लक आहे.

वर्धा-पुलगाव रस्त्यावरच्या आमच्या गावात ते मारुतीच्या देवळाचे पुजारी होते आणि मी डॉक्टरबाईंच्या प्रसूतिगृहात नर्स. आमच्याकडे कायदेशीर गर्भपातही होतात. बायका येतात एकट्या, पाप मात्र अख्ख्या खानदानाचं सोबत आणतात.

गुरुजी पहिल्यांदा आले ते माझ्याच बोलावण्यावरून. सेलूकडची एक बाई होती. पदरी दोन मुलं आणि हृदयाच्या झडपेचा आजार. तिसरं बाळंतपण जिवावर बेतेल, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. गर्भपात नीट पार पडला, पण बाई अन्नाला शिवेना. सासूने ताकीद दिली होती, "शांती केल्याबिगर ना चुलीले हात लावाचा, ना घास खाचा." रिकाम्या पोटी औषध कसं द्यायचं? मी खूप समजावलं. नर्सच्या बोलण्याने पाप धुतलं जात नाही, हे मला तेव्हा कळलं.

गुरुजी आले आणि स्टूल ओढून खाटेशी बसले. "कायची शांती, माय? तू जगली, हेच देवाले पायजे होतं."

"आन पाप?"

गुरुजींनी टकलावर टपल्या मारल्या. ती रडता रडता हसली आणि वरण-भात जेवली. पुढं ते मुद्दाम तिच्या घरी गेले आणि सासूसमोर तिच्याच हातचा चहा मागून प्यायले. खुद्द पुजाऱ्याने घेतलेल्या चहावर सासू काय बोलणार!

मग ते येतच राहिले. अट एकच होती. "पोरगी हाये म्हनून पाडाचं असन, तर माह्यासमोर उभं राहू नका." अशा दोघा-तिघांना त्यांनी देवळातूनच हाकललं होतं.

गाव दुखावलं, आणि तेही दोन्हीकडून. देवस्थानचे अध्यक्ष म्हणाले, पुजाऱ्याने धर्म बुडवला. शाळेतले एक पुरोगामी सर म्हणाले, पुजाऱ्याने दवाखान्यात अंधश्रद्धा घुसवली. दोघे एकाच संध्याकाळी तक्रार घेऊन आले, एकाच बाकावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांच्या बोलण्याला मान डोलावू लागले. उपाशी बाईला जेवू कसं घालायचं, ते मात्र दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. डॉक्टरबाई घाबरल्या. "गुरुजी, काही दिवस आत येऊ नका," म्हणाल्या. गुरुजी समोरच्या चहाच्या टपरीवर बसू लागले. बायका तिथं जाऊ लागल्या.

शेवटी देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. मलाही बोलावलं होतं. गर्भावर बोलायला जमलेल्या त्या मंडळींत गर्भ वाढवलेलं कोणी नव्हतं. ज्यांनी वाढवले होते, त्या खांबाआड सगळ्यांसाठी चहा गाळत होत्या.

अध्यक्ष मला म्हणाले, "सिस्टर, कोनकोनत्या बाया येतात, नावं सांगा. गावाले समजलं पायजे."

"नावं सांगता येत नाहीत," मी एवढंच बोलले.

"मंग तुमची नौकरी कशी राह्यते, ते पाहू."

गुरुजी उठले. "तिले काऊन धमकावून राह्यले? मले इचारा. नाईतर मीच इचारतो. अध्यक्षसाहेब, तुमच्या घरी सगळे नातूच काऊन हो? मी तर तुमच्यासाठी नवस केला नोता."

खांबाआडची गाळणी थांबली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि वेळेअभावी बैठक संपवली.

माझी नोकरी राहिली. गुरुजींची पूजा गेली, आणि देवळामागची खोलीही. बायकोला घेऊन ते आष्टीला भावाकडे निघाले, तेव्हा मी स्टँडवर गेले होते.

"वाईट वाटतं का?" मी विचारलं.

"वाटते ना. मारुतीची सवय झालती." मग पिशवी उचलून म्हणाले, "तू त्याइले जेवू घालत राह्यजो, बाई."

त्यांच्या जागी अध्यक्षांनी एक तरतरीत महाराज आणले. हे महाराज गर्भदोषाची शांती करतात, सवाष्ण जेवणासकट. गर्भपात पाप आहे, यावर अध्यक्ष अजून ठाम आहेत. ते पाप आता देवळाच्या उपयोगी पडतं, एवढाच फरक.

गेल्या उन्हाळ्यात गुरुजी आष्टीला वारले. देवस्थानने चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. त्यात अध्यक्षांचा फोटो मोठा, हात जोडलेला, आणि कोपऱ्यात गुरुजी, पासपोर्टएवढे.

ड्यूटी संपवून मी तिथं थांबले. बाजारातून परतणाऱ्या बायका फ्लेक्सपाशी रेंगाळत होत्या. कुणी पिशवी खाली ठेवून हात जोडत होती, तर नवरा सोबत असलेली नुसताच पदर सावरून त्या कोपऱ्याकडे बघून घेत होती. त्यांतल्या बऱ्याच जणींना मी ओळखलं. त्यांनीही मला ओळखलं. कुणीच ओळख दाखवली नाही.