केसरबाईची सव्वा मूठ

आमलीच्या चाळीतल्या केसरबाईची कानबाई देवी म्हणजे एक नारळ. पण नुसता नारळ म्हणाल तर बाई लाटणं घेऊन मागे लागायची! बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर अमळनेरकडून सिल्वासाला आली, तेव्हा ट्रंक नवऱ्याच्या डोक्यावर आणि नारळ हिच्या पदराखाली. एसटीत कुणी विचारलं, "मूल केवढं?" तर म्हणाली, "निजलंय, बोलू नका."

गावाकडे कानबाई भाऊबंदांची, कुळाची. या कारखान्यांच्या गावात मात्र तीच केसरबाईचं माहेर झाली, शेजारीण झाली. श्रावणातल्या रविवारी डोळे आणि नथ लावून चौरंगावर बसली, की केसरबाई तिच्याशी खुशाल भांडायचीसुद्धा.

नवरा गेला. मग एकुलता मुलगा समाधान काविळीने गेला, त्यालाही दीड वर्ष झालं. मागचा श्रावण दुखवट्यात कोरडाच सरला. या शनिवारी ती रोटाचे गहू घेऊन बसली, तोच धाकटा दीर बारकू गावाहून दारात उभा, हातात रिकामी पिशवी.

रीत अशी, की घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे. त्यांच्याच पिठाचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, आणि खायचे ते कुळातल्यांनीच.

"वहिनी, घरमा माणूस नही. गहू कोना नाववर मोजशी? देवी मी गावले लई जास."

"भाऊजी, भांडी न्या, टीव्ही न्या. तिला नको."

"मी काय चोर शे का? देवी उपाशी राही ना!"

"कशी राहील?" म्हणत तिने तावातावाने मूठ भरली आणि सवयीने तोंडातून निघालं, "समाधान."

गहू सुपात पडले. गेलेल्याच्या नावाचे, देवीच्या सुपात! ती दाणे वेचायला धावली, पण घेतलेलं नाव परत कसं घेणार? सूप छातीशी धरून तिने हंबरडा फोडला.

मुलगी दुर्गा मसाटच्या कारखान्यातून नुकतीच आली होती, ओळखपत्र अजून गळ्यात. तिने सूप बाजूच्या परडीत रिकामं केलं. "आई, खोलीचं भाडं मी भरते, शिफ्ट मी मारते. माझ्या नावाची टाक."

"उद्या लगीन व्हई, मंग?" बारकू म्हणाला.

"मग उद्याचं उद्या भांडू, काका."

केसरबाईने नारळाकडे पाहिलं. "माय, रुसायचं तर माझ्यावर रूस." तिने सव्वा मूठ टाकली. "दुर्गा."

बारकू रिकामी पिशवी घेऊन उठला. "हाऊ रोट मना कुळना नही. मी खावाव नही."

केसरबाई अनवाणी त्याच्या रिक्षापर्यंत धावली. "भाऊजी, कुळातले तुम्ही एकटेच उरलात हो! उद्या दोन घास खाऊन जा!" त्याने रुमालाने डोळे पुसले, पण खाली उतरला नाही.

परतली तर दुर्गाने शेजारणीचं जातं मांडलं होतं. केसरबाई समोर बसली. देवी पावली की कोपली, कळायला मार्ग नव्हता. तिने खुंटा धरला. दरसालची ओवी काही केल्या आठवेना. ती तशीच दळत राहिली.