गाझियाबादची टेकडी

गाझियाबादमध्ये पळायला जागा नाही असं मी म्हणणार नाही. जागा आहे, भरपूर आहे, पण ती पळणारे सोडून बाकी सगळ्यांसाठी आहे.

माझा रस्ता मी बरीच वर्षं डोकं लढवून बसवला होता. सोसायटीच्या मागच्या फाटकातून बाहेर पडायचं, सेक्टरच्या मोठ्या पार्कला फेऱ्या मारायच्या, मग रस्ता ओलांडून कालव्याच्या कडेच्या झाडीतून छोट्या पार्ककडे आणि तिथून घरी. ऐकायला किती छान. प्रत्यक्षात मागच्या फाटकाला सेक्रेटरीसाहेब मनाला येईल तेव्हा कुलूप घालतात. पार्कातला ट्रॅक चांगला झाला रे झाला की फरश्या उखडून नव्या बसवायला घेतात. भल्या पहाटे चार आंट्या एका ओळीत ट्रॅक अडवून चालतात आणि मागून 'एक्सक्यूज मी' म्हटलं की चौघी चार दिशांना सरकतात, म्हणजे वाट कुठूनच उरत नाही. कबुतरांना बाजरी, कुत्र्यांना बिस्किटं, मुंग्यांना पीठ, हे सगळं पुण्य नेमकं ट्रॅकवरच सांडायचं असतं. लग्नसराईत अर्ध्या पार्कवर मंडप. आणि हिवाळ्यात हवा कशी आहे हे आधी ॲपवर बघायचं, ॲप म्हणणार घरातच बसा, आणि आपण तरीही बूट घालायचे.

अशात बाबा राहायला आले.

आले म्हणजे मी आणले. आई गेल्यावर वर्षभर ते पुण्यात एकटेच राहत होते. एक दिवस न्हाणीघरात पडले आणि कामाच्या बाई येईपर्यंत तसेच पडून राहिले. हाड मोडलं नाही एवढंच नशीब. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की रोज चालले नाहीत तर पायातला जोर जाईल आणि मग खाट धरतील. बाबांचं म्हणणं वेगळं होतं. इथे करमलं नाही तर मी आपला पुण्याला परत जाणार, माझं मी बघेन. मला यातलं एकही नको होतं. त्यांनी चालावं आणि माझ्याजवळ राहावं, एवढीच माझी मागणी होती.

पहिल्याच सकाळी मी त्यांना मोठ्या पार्कमध्ये नेलं. एक फेरी झाल्यावर ते बाकावर बसले.

"हे काय? घाण्याच्या बैलासारखं गोल गोल फिरायचं?"

"बाबा, सगळे असंच चालतात इथे."

"चालायचं म्हणजे टेकडीवर. चढ लागला पाहिजे, वारा लागला पाहिजे. यात काय?"

पुण्याच्या माणसाला सकाळी चहा एकवेळ नसला तरी चालेल, टेकडी हवी. मी समजावून पाहिलं की हा सगळा नदीच्या गाळाचा सपाट मुलूख आहे, इथे टेकडी कुठून आणू? त्यावर त्यांनी मला विचारलं, "मग इथली माणसं सकाळी करतात तरी काय?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घराबाहेर पडायचंच बंद केलं. मी रागावले, विनवण्या केल्या, नवे बूट आणले. ते बाल्कनीत पेपर घेऊन बसत आणि पुण्याच्या गाड्यांची चौकशी करत.

मग एकदा रात्रभर वारा सुटला आणि सकाळी हवा कधी नव्हे ती लख्ख झाली. मी पळून परत आले तर बाबा बाल्कनीच्या कठड्याशी उभे, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला धास्तीच वाटली.

"अगं, ही टेकडी! इतकी वर्षं राहतेस आणि मला सांगितलंही नाहीस?"

आमच्या चौदाव्या मजल्यावरून दिल्लीच्या हद्दीकडे खरोखरच एक टेकडी दिसते. रुंद, करडी, माथ्याला सपाट. तिच्यावर दिवसभर घारी फिरत असतात. बाबांनी घारीही मोजायला घेतल्या होत्या. ती टेकडी म्हणजे दिल्लीने वर्षानुवर्षं टाकलेला कचरा आहे. ट्रक त्यावर चढतात आणि आणखी टाकून उतरतात. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. पण पुण्याच्या माणसाला उंचवटा दिसला की टेकडीच दिसते, दुसरं काही सुचतच नाही.

मी तोंड उघडलं होतं, खरं सांगायला. पण बाबांनी पायात बूट चढवले होते. नाड्यासुद्धा बांधल्या होत्या.

"लांब आहे ती," मी म्हटलं. "आधी दम वाढवा. पार्कात नीट चालायला लागा, मग जाऊ."

झालं! बाबा जे सुटले ते सुटलेच. रोज माझ्याआधी उठून तयार. मी पळत एक फेरी मारून त्यांना गाठावं तर ते आंट्यांना ट्रॅकच्या डाव्या बाजूने चालण्याचे फायदे हिंदीत समजावत असायचे, आणि त्या ऐकायच्याही! मी इतकी वर्षं ओरडले त्याचं काय? त्यांनी एक काठी घेतली, चढासाठी. पुण्याच्या गाड्यांची चौकशी थांबली. पाय सुधारले, भूक सुधारली, फक्त रोज रात्री जेवताना प्रश्न यायचा, "मग, या रविवारी?" मी कधी ऑफिसचा कॉल पुढे करायचे, कधी धुकं, कधी रस्ता खणलाय म्हणायचे. शेवटचं तर नेहमीच खरं असतं.

आणि एका रविवारी मी उठले तर बाबा घरात नव्हते. काठीही नव्हती. फोन टेबलावर.

मी माझा सगळा रस्ता पळाले. मोठा पार्क, कालवा, छोटा पार्क. इतक्या जोरात मी कधीच पळाले नव्हते. छोट्या पार्कच्या दारात रोज योगासनं करणारे एक गृहस्थ भेटले.

"अंकल जी तो ई-रिक्शा में गए। बोले, पहाड़ी पर जा रहा हूँ।"

"और आपने जाने दिया?"

"हमें लगा मज़ाक कर रहे हैं।"

मीही एक ई-रिक्षा पकडली. वास आधी आला, मग ट्रकची रांग, आणि रांगेच्या टोकाला, रस्त्याच्या कडेला बाबा. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने नाकाला रुमाल. वर बघत होते.

त्यांना रिक्षात बसवलं आणि मी सुरू झाले. फोन का नेला नाहीत, एखाद्या ट्रकने उडवलं असतं म्हणजे, मी कुठे शोधायचं! त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तू मला सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पुण्याला निघाला असता. तुमच्या त्या टेकडीवर."

त्यांनी काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली.

"तुझी आई गेल्यापासून मी टेकडीवर गेलेलो नाही," ते म्हणाले. "एकदाही नाही. पायथ्यापर्यंत जायचो. मग तेही सोडलं."

"पण फोनवर तर रोज सांगायचात! आज वारा होता, आज मोर दिसले..."

"मग काय सांगणार होतो? दिवसभर खुर्चीत बसून असतो म्हणून? तू लगेच न्यायला आली असतीस."

मला भयंकर राग आला. जिच्यापुढे माझं शहर, माझे पार्क, माझं घर, सगळं रोज कमी पडत होतं, ती टेकडी त्यांनाही उरली नव्हती. अख्खं वर्ष ते बंद फ्लॅटमध्ये बसून मला मोर सांगत होते.

"आता काय करायचं ठरवलंय?" मी विचारलं. "तिकीट काढू?"

"नको," ते म्हणाले. "तिथे कोणाकडे जाऊ?"

मग मात्र मला रडू आवरलं नाही.

"हळू," बाबा म्हणाले. "तो रिक्षावाला आरशातून बघतोय."

"बघू दे. त्याला कुठे मराठी कळतंय!"

"रडणं कळतं," असं म्हणून त्यांनी रुमाल पुढे केला. इतका वेळ नाकाला धरलेला, त्या डोंगराच्या वासाचा. मी तो घेतला आणि त्यानेच डोळे पुसले.