मेघाच्या दोन ताऱ्यांत तिसरा कोण?

माझा वाढदिवस विसरलात ना ग्रुपवरचे सगळे? असू दे, आता हे तरी ऐका. मी बोलतेय, सून टाइप करतेय.

माझी नात मेघा दोन अवाढव्य ताऱ्यांचं वजन-माप काढतेय. एक दुसऱ्याच्या आड गेला की उजेड किती कमी होतो, त्यावरून. पण वर्षभर माप काही जुळेना.

आज सकाळी मी म्हटलं, "अगं, तिथे दोघंच राहतात कशावरून? आपल्या सिल्व्हर पार्क सोसायटीत दारावर दोन नावं नि आत पाच माणसं!"

ती तशीच उठून कॉम्प्युटरपाशी गेली. दुपारी कळलं, शेजारच्या तिसऱ्या ताऱ्याचा उजेड त्यात मिसळत होता.

"आजी, सगळं पहिल्यापासून करायचं गं," म्हणून रडली. चूक सापडली, पण वर्ष गेलंच की पोरीचं!

म्हणून अभिनंदनाचे फोन नकोत. सुकटीची चटणी नि तांदळाची भाकरी पाठवा, पोरगी सकाळपासून उपाशी आहे.