पुस्तकांची ती यादी माझी नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेतल्या एकाही सहकाऱ्याला नाही. तुम्हालाच का सांगते आहे, तेही नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच.

जव्हार-मोखाड्याच्या बऱ्याच शाळांत पुस्तकांची एक यादी फिरते. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी कोणती पुस्तकं घ्यावीत, याची. खाली माझं नाव आहे. यादी फार चांगली आहे, हे मी जराही न लाजता म्हणू शकते. का — तेच सांगायचंय.

मी तेव्हा खोडाळ्याजवळच्या एका आश्रमशाळेत मराठी शिकवत होते. ग्रंथालय माझ्याकडे, म्हणजे एक लोखंडी कपाट. एका वर्षी शहरातल्या कुणी देणगीदारांनी पुस्तकांची बरीच खोकी पाठवली. कपाटात मावतील तेवढी मी निवडली. कशी? मुखपृष्ठ बघून. शब्द सोपे आहेत ना, शेवटी बोध आहे ना, डोंगर-शेत-झाडं आहेत ना — झालं. आपली मुलं याहून जास्त काय वाचणार? असं मला वाटायचं. हो, असंच वाटायचं. उरलेली खोकी स्वयंपाकघराशेजारच्या कोठीत टाकली.

कपाटातली पुस्तकं कोरीच राहिली. कोठीतली मात्र तेलकट व्हायला लागली. एक दिवस शाळा सुटल्यावर मी तरातरा तिकडे गेले. रागवायलाच.

आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले.

जयवंतीमावशी, आमच्या स्वयंपाकीण, सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मूळच्या तिथल्याच वांगणी गावच्या. सही करायच्या, पण वाचता येत नव्हतं. भोवती वीसेक मुलं. सहावीतली सुनंदा — वर्गात जिचा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता — मोठ्याने वाचत होती. गोष्टीतल्या मुलीचे आईबाप कामासाठी लांब जातात आणि ती धाकट्या भावाला सांभाळत मागे राहते. पान संपलं. सुनंदा थांबली. मावशींचे हात सुपावरच राहिलेले. कुणी हललं नाही. धुराने काळ्या झालेल्या त्या खोलीत जी शांतता होती, ती मी देवळातही कधी अनुभवलेली नाही.

“ह्या राहील,” मावशी म्हणाल्या. “ठेव बाजूला.”

ही त्यांची रीत होती. नव्या पुस्तकाचं एकच पान वाचायचं. मुलं चुळबुळली, तर पुस्तक परत खोक्यात. पान संपूनही कुणी हललं नाही, तर ते राहील. मी कपाटातलं एक नेऊन वाचायला लावलं, गुणी मुलांच्या गोष्टींचं. मावशी हसल्या. “बाई, ही पोरां खोटी. एकाला पन भूक लागत नाय.”

मग मी रोज जाऊ लागले. काय काय निवडलं त्या खोलीने! ताऱ्यांवरचं जाडजूड पुस्तक. कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलीने लावलेला चोरीचा छडा. ईदची वाट बघणारं एक घर. सगळी मीच बाजूला टाकलेली. मी एकदा विचारलंही, समुद्र न बघितलेल्या मुलांना समुद्राच्या गोष्टी कशाला? “आपला मुलूख तं रोज बघतात, बाई. दुसऱ्याचा कवा बघतील?” मी पुस्तकांवर इतकी व्याख्यानं ऐकली आहेत — याच्या जवळपास जाणारं एकही वाक्य मला आठवत नाही.

त्या तेलकट पुस्तकांची मी यादी केली. जव्हारला शिक्षकांच्या बैठकीत ती वाचून दाखवली, एका पानाची रीतही समजावली. कुणीतरी विचारलं, “मॅडम, हे सुचलं कसं?”

मी म्हणाले, “अनुभवातून.”

टाळ्या वाजल्या. तेवढ्यावर थांबलं असतं तर? नाही — तेही कमी नव्हतंच.

पुढच्याच महिन्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. मुलं स्वयंपाकघरात फार असतात, एखादं भाजेल, त्यांना तिथे जायला बंदी करावी म्हणतो — तुमचं काय मत? एवढंच सांगायचं होतं, की सर, पुस्तकं तिथेच निवडली जातात, हवं तर मावशींना दुपारी वर्गात बसू द्या. पण मग यादी कुणाची, हा प्रश्न आला असता. आणि मावशी तिथेच होत्या, चहाचे कप घेऊन आलेल्या. माझ्याकडे बघत होत्या. त्यांना खात्री होती, बाई बोलतील.

“बरोबर आहे, सर,” मी म्हणाले.

मावशींनी कप ठेवले आणि त्या गेल्या. त्यानंतर संध्याकाळी सुपाचा आवाज तेवढा यायचा.

बंदी आली तेव्हा बर्फात अडकलेल्या एका जहाजाची गोष्ट अर्धी राहिली होती. काही दिवसांनी मावशींनी मला व्हरांड्यात गाठलं. “बाई, ती बोट सुटली का?” मी पुस्तक वाचलंच नव्हतं. “सुटली, मावशी,” म्हणाले आणि तासाला निघून गेले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता!

त्या काम सोडून वांगणीला गेल्या, त्यानंतर कधीतरी मी ते वाचलं. बोट सुटत नाही. बर्फ तिचा चुरा करतो. माणसं मग पायी निघतात, एकमेकांना ओढत, आणि सगळीच्या सगळी जिवंत घरी पोचतात. एवढी मोठी गोष्ट — आणि मी एका शब्दात ती संपवून टाकली होती.

आता मी जव्हारला असते. नव्या शाळा यादी मागतात, मी पाठवते. परवा एका गावातल्या मुली पुस्तकावर अशा वाकलेल्या दिसल्या, की मी हात जोडले. शेजारचे गुरुजी म्हणाले, “तुमचीच निवड, मॅडम.” मी हसले.

वांगणीला मी एकदाही गेलेले नाही. रस्ता वाईट आहे, असं स्वतःला सांगत आले. तो पावसाळ्यापुरताच वाईट असतो.